जुनी गिटार घेताना

परीक्षा आटोपल्या म्हणजे पुष्कळ घरांतून मुलांची एक मागणी पुढे येते : “आई, मला गिटार शिकायची आहे.” आईवडिलांच्या मनात प्रथम खर्चाचा विचार येतो आणि तो स्वाभाविकही आहे. मग बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘पुढे पाहू’ म्हणून ती मागणी बाजूला सारली जाते. नाही तर दुकानातील सर्वांत स्वस्त, चकचकीत अशी नवी गिटार घरात येते. या दोहोंहून बरा असा तिसरा मार्ग आहे. तो म्हणजे नीट पारखून घेतलेली वापरलेली गिटार.

अगदी हलक्या प्रतीच्या नव्या वाद्यात तारा पुष्कळदा पडद्यांपासून फार उंच असतात. त्या दाबताना कोवळी बोटे दुखतात आणि एवढे करूनही सूर खरा लागत नाही. महिन्याभरात वाद्य कपाटावर जाते आणि आपल्या अंगी संगीतच नाही, अशी मुलाची समजूत होऊन बसते. दोष लाकडाचा, ठपका मात्र मुलावर! पैशांच्या हानीपेक्षा ही हानी कितीतरी मोठी.

वापरलेले वाद्य घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मिरजेला घडविलेला तंबोरा आजोबांकडून नातवाकडे येतो, तेव्हा आपण त्याला ‘जुना’ म्हणून नावे ठेवीत नाही. शिवाय चार पावसाळे पाहिलेल्या गिटारीचे लाकूड वाकायचे असेल तर बहुधा वाकून गेलेले असते. तो दोष आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो.

तेव्हा काय पाहावे? प्रथम दांडी. सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे पेटीला मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा. मधल्या भागात तारेखाली पोस्टकार्डाच्या जाडीहून अधिक फट दिसली, तर दांडी वाकलेली आहे असे समजावे. पोलादी तारांच्या अनेक गिटारींच्या दांडीत एक सळई असते व ती फिरवून हा बाक कमी करता येतो. परंतु ते काम जाणत्या कारागिराचेच. दुसरे, बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजावी. पोलादी तारांना दोन ते अडीच मिलिमीटर, नायलॉनच्या तारांना तीन ते चार, एवढी ती सामान्यतः असावी. तिसरे, मोकळी तार छेडून मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. दुसरा सूर पहिल्याचा बरोबर वरच्या सप्तकातला आला पाहिजे. शेवटी घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. तो आत शिरला, तर घोडी उखडू लागली आहे.

गंजलेल्या तारा, सैल खुंट्या किंवा रंगावरचे ओरखडे यांना भिऊ नये. तारा व खुंट्या थोड्या खर्चात बदलता येतात. दांडीचा शेंडा मोडून जोडलेला असेल, तर मात्र शिकाऊ माणसाने त्या वाद्याच्या वाटेस जाऊ नये. मोबाइलवरील छायाचित्रे पाहून व्यवहार ठरवू नये. गिटार हातात घ्यावी आणि शक्य तर शिक्षकांना बरोबर न्यावे. चौकशीही त्यांच्यापासूनच सुरू करावी, कारण शिकणे सोडलेल्या विद्यार्थ्याची गिटार कोठे पडून आहे, हे त्यांना ठाऊक असते.

हाताशी पाच हजार रुपये असतील, तर सर्व वाद्यावर खर्चू नयेत. साडेतीन-चार हजारांचे वाद्य घ्यावे आणि उरलेल्या पैशांत नव्या तारा, कारागिराकडून जुळणी व एक जाड पिशवी घ्यावी. एक चूक कटाक्षाने टाळावी : नायलॉनच्या तारांसाठी बनविलेल्या गिटारीला पोलादी तारा चढवू नयेत. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो आणि तो अशा गिटारीच्या नाजूक फळीला सोसत नाही.

घरी आणल्यावर वाद्य पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीस टेकवून ठेवू नये. कोकणातली गिटार मे महिन्यात नागपूरला किंवा दिल्लीला नेली, तर लाकूड आकसून पडद्यांची टोके बोटांना बोचू लागतात, कधी फळीला चीरही जाते. म्हणून वाजवून झाल्यावर ती पिशवीत ठेवावी व उन्हापासून जपावी.

पुढे मूल गिटार सोडून देईल, अशी धास्ती बाळगू नका. जपून वापरलेले वाद्य फारसा तोटा न होता दुसऱ्या घरी जाते. आणि सोडले नाही, तर संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी घरात सहा तारा वाजू लागतील. त्यांवर पूर्वी कोणाची बोटे फिरली होती, हे विचारण्याची गरज कोणासही भासणार नाही.