घरचे राहणे फुकट नसते



पदवीचे निकाल लागले की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घराघरांत एक हिशेब मांडला जातो. पुण्यात पगार जास्त, पण खोली, मेस, बसभाडे सगळेच महाग. नगरला किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पगार कमी, पण राहणे-खाणे घरचे. मुलगा असेल तर उत्तर येते, ‘जाऊ दे, अनुभव मिळेल.’ मुलगी असेल तर, ‘एवढ्याशा पगारात पुणे परवडत नाही.’ हिशेब एकच, उत्तरे दोन!

शहराशहरांतल्या खर्चाचा फरक खोटा नाही. केंद्र सरकारही तो मानते. त्याच्या कर्मचाऱ्यांना २०२४ पासून मूळ वेतनाच्या पुण्यात ३० टक्के, नाशिकला २० टक्के आणि नगरला १० टक्के घरभाडे भत्ता आहे. पण या आकड्यांत बाईचा हिशेब पूर्ण होत नाही.

समजा, नगरच्या नोकरीत मुलीला १२ हजार रुपये मिळतात. २६ दिवस, रोज आठ तास. म्हणजे तासाला सुमारे ५८ रुपये. तीच मुलगी घरी रोज चार तास स्वयंपाक, धुणी-भांडी, आजाऱ्यांची उस्तवार करते. महिन्याचे १२० तास झाले. तिच्याच पगाराच्या दराने हे श्रम जवळपास सात हजारांचे होतात. म्हणजे घरचे राहणे फुकट नाही, ती ते कष्टाने फेडते. शिवाय पगार वडिलांच्या हाती आणि नोकरी लग्न ठरेपर्यंतच, हे वेगळेच.

पुण्यातही तिचा खर्च भावापेक्षा जास्त. तो कुठल्याही वस्तीत चौघांत खोली घेतो, रात्री चालत परततो. तिला सुरक्षित वस्ती शोधावी लागते, रात्री रिक्षा करावी लागते. वसतिगृहाचे दार नऊला बंद होत असेल तर दुसऱ्या पाळीचे कामही हातचे जाते. रस्ते असुरक्षित, आणि दंड मात्र तिच्या पगारातून!

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’त तिचे नाव ‘सखी निवास’ झाले. एकटीच्या खोलीचे भाडे पगाराच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये, असा या योजनेचा दंडक आहे. अशी वसतिगृहे पुण्यात वाढायला हवीतच. पण नगर आणि सुप्यातही त्यांची मागणी आपण लावून धरली पाहिजे. अकोले-जामखेडच्या मुलीला नगरसुद्धा परगावच आहे.

गटांच्या पुढच्या बैठकीत हा हिशेब मुली, आया आणि भाऊ यांना एकत्र बसवून मांडू या. पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधी, स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि घरकामाचे तास हे रकाने त्यात असलेच पाहिजेत. नगरला राहायचे की पुण्याला जायचे, हे मुलगीच ठरवील. तिच्यापुढे अर्धा हिशेब ठेवून ‘परवडत नाही’ म्हणण्याची सोय मात्र कोणालाच राहू नये.