मोजपट्टी कोणाच्या हाती?

राज्यकर्त्यांनी आपल्या कारभाराची परीक्षा आपणच घ्यायची आणि निकालही आपणच लावायचा, असे ठरले म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. २००५ साली मिसिसिपी राज्याच्या परीक्षेत चौथीची ८९ टक्के मुले वाचनात ‘प्रवीण’ ठरली. त्याच वर्षी झालेल्या राष्ट्रीय चाचणीत त्याच राज्यातील चौथीच्या अवघ्या १८ टक्के मुलांनी ‘प्रवीण’ ही पातळी गाठली. मॅसॅच्युसेट्समध्ये हेच आकडे ५० आणि ४४ असे होते. राज्यांच्या दाखल्यांवर विश्वास ठेवला, तर दारिद्र्याने आणि वंशभेदाच्या वारशाने ग्रासलेले मिसिसिपी संपन्न मॅसॅच्युसेट्सच्या कितीतरी पुढे होते!

या चमत्काराचे मूळ २००२ च्या कायद्यात आहे. ‘एकही मूल मागे राहू नये’ असे त्याचे गोंडस नाव. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले वाचनात व गणितात प्रवीण झाली पाहिजेत, अशी त्याची आज्ञा होती. पण प्रवीण कोणाला म्हणायचे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र प्रत्येक राज्याकडे राहिला. उद्दिष्ट चुकले तर शाळेवर कारवाईची टांगती तलवार; कर्मचारी बदलण्यापासून शाळेचा कारभार खाजगी कंपनीकडे सोपविण्यापर्यंत त्या कारवाईची मजल होती. मुलांना वर चढविण्यासाठी पैसा लागतो, शिक्षक लागतात, वर्षे लागतात. पट्टी खाली आणायला एक बैठक पुरते. अनेक राज्यांनी सोपी वाट धरली, यात नवल नाही.

राष्ट्रीय चाचणीचे स्वरूप निराळे आहे. १९६९ पासून ती होत आली असून १९९० पासून तिचे राज्यवार निकालही मिळू लागले. ती निवडक मुलांची नमुना चाचणी असते. तीत कोणा मुलाला गुण मिळत नाहीत, कोणत्या शाळेला शिक्षा होत नाही. त्यामुळे निकाल फुगविण्यात कोणाचा स्वार्थ नसतो. तिची विश्वासार्हता इथेच आहे.

मात्र या तुलनेचा दुरुपयोगही होतो. राष्ट्रीय चाचणीतील ‘प्रवीण’ ही पातळी मुद्दाम उंच ठेवलेली आहे. आपल्या इयत्तेपुरते वाचता येणे एवढाच तिचा अर्थ नाही, असे ती घेणारी यंत्रणाच सांगते. तेव्हा उरलेली ८२ टक्के मुले निरक्षर होती असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. सार्वजनिक शाळा मोडीत काढू पाहणाऱ्यांना असा अडाणीपणा सोयीचा वाटतो. पण त्याखालची ‘मूलभूत’ पायरीसुद्धा मिसिसिपीतील सुमारे निम्म्या मुलांनी गाठली नव्हती, हे सत्य उरतेच. खोट्या दाखल्याची किंमत याच मुलांनी मोजली. ज्याला सर्व येते असे सरकारदरबारी नोंदले गेले, त्याच्यासाठी जादा शिक्षक कोण मागणार?

याच मिसिसिपीची पुढची कहाणी बोलकी आहे. २०१३ साली राज्याने वाचनासाठी स्वतंत्र कायदा केला. वाचन कसे शिकवावे याचे शिक्षकांना प्रशिक्षण दिले, दुबळ्या शाळांत मार्गदर्शक पाठविले आणि पुढे आपली परीक्षाही कठीण केली. राष्ट्रीय चाचणीतील प्रवीण मुलांचे प्रमाण २०१३ मध्ये २१ टक्के होते, ते २०२४ मध्ये ३२ टक्क्यांवर गेले. राज्याची सरासरी देशाच्या सरासरीपुढे गेली. तिसरीत मुलांना मागे ठेवण्याची त्या कायद्यातील तरतूद वादग्रस्त आहे, आणि तो वाद रास्त आहे. परंतु आजार मान्य केल्यावरच उपचार सुरू झाले, एवढे निर्विवाद.

हा धडा सर्वांनी घेतला असे मात्र नाही. २०१५ साली जुना कायदा गेला, पण पट्टी राज्यांच्याच हाती राहिली. २०२४ मध्ये राष्ट्रीय चाचणीत देशातील चौथीची ४० टक्के मुले ‘मूलभूत’ पातळीखाली असताना, त्याच वर्षी विस्कॉन्सिनने आपल्या परीक्षेची पट्टी खाली आणली आणि पातळ्यांची नावेही सौम्य केली.

भारताने यावर हसण्याचे कारण नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला. घरी जाऊन, एकेका मुलाला मोठ्याने वाचायला लावून काढलेला हा आकडा आहे. शाळेच्या निकालपत्रकांशी तो ताडून पाहावा, म्हणजे पट्टीचा प्रश्न इथेही कळेल.

मोजणी सत्तेपासून स्वतंत्र हवी, तिचे निकाल जाहीर हवेत, आणि आकडा जिथे सर्वांत खाली तिथे शिक्षेऐवजी निधी व शिक्षक पोहोचले पाहिजेत. सधनाच्या मुलाला शिकवणी लावता येते. श्रमिकाच्या मुलाला सरकारी शाळेवाचून दुसरा आधार नाही. त्याला वाचता येत नसेल तर तसे सांगणे हा त्याचा अपमान नव्हे. ते लपविणे हा मात्र त्याच्यावरील अन्याय आहे.