गाडी थांबली, पण आवाज थांबेना

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वृद्ध काकांना बांबोळीच्या इस्पितळात दाखवून आम्ही त्यांच्याच मोटारीने बेळगावकडे परतत होतो. चोर्ला घाटाची चढण संपल्यावर काकांना वारा लागावा म्हणून त्यांच्या पुतण्याने गाडी कडेला घेतली व इंजिन बंद केले. तोच बॉनेटखालून चुलीवर भात रटरटावा तसा आवाज येऊ लागला. पोरगा घाईघाईने उतरला, बॉनेट उघडले आणि फडके घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला. काका आतूनच ओरडले, "अरे बाबा, हात लावू नकोस! आधी निवू दे तिला."

काकांच्या त्या हाकेने पोराचा हात, कदाचित चेहराही, भाजण्यापासून वाचला. अलीकडे आपल्या खेड्यांतूनही घरोघर मोटारी आल्या आहेत. म्हणून बंद गाडीच्या या आवाजांविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

इंजिन चालू असते तेव्हा पंप पाणी खेळवतो व ते पाणी उष्णता वाहून नेते. बहुतेक मोटारींत इंजिनाबरोबर हा पंपही थांबतो. परंतु लोखंडात साठलेली उष्णता थांबत नाही. त्यामुळे काही मिनिटे आतील पाणी निवण्याऐवजी अधिकच तापते. बंद गाडीचे बहुतेक आवाज या उष्णतेचेच असतात.

खालून येणारी टिक् टिक् ही सायलेन्सरची होय. तापलेली धातू निवताना आखडते. एक मीटर लांबीची पोलादी नळी तीनशे अंशांनी निवली, तर सुमारे साडेतीन मिलिमीटर आखूड होते. हा आवाज हळूहळू विरळ होत थांबतो. त्याची चिंता नको. पुढून येणारी घरघर पंख्याची असते. कित्येक मोटारींत विजेवरचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटे चालतो. तो आपण होऊन सुरू होऊ शकतो, म्हणून तेथे बोटे नेऊ नयेत. मात्र थोडेच अंतर थंड हवेत जाऊन आल्यावरही तो दर वेळी फिरत राहिला, तर मिस्त्रीला दाखवावे; नाहीतर बॅटरी उतरेल. एसी चालू असल्यास बारीक सुस्काराही ऐकू येतो. नळ्यांतील वायूचा दाब दोन्हीकडे सारखा होत असतो, एवढेच.

कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल मोटारी किल्ली काढल्यावरही कधी कधी गचके देत चालत राहतात. आत साचलेली काजळी निखाऱ्यासारखी तापून पेट्रोल पेटवीत असते. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून क्लच सावकाश सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. नंतर इंजिनाची सफाई व जुळणी करून घ्यावी.

पाण्याची रटरट वा गुडगुड मात्र कधीही कानाआड करू नये. टोपणाच्या दाबामुळे आतील पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. साधे पाणीसुद्धा त्या दाबाखाली सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तग धरते. आवाज आला म्हणजे पाणी कमी झाले असेल, आत हवा शिरली असेल, वा टोपण दाब धरीत नसेल. गरम टोपण उघडले की दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे अंगावर येते. म्हणून गाडी पुरती निवेपर्यंत, निदान तासभर तरी, टोपणाला शिवू नये.

आवाज आला की तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात: तो कोठून येतो, किती वेळ टिकतो आणि गाडीखाली जमिनीवर काय पडले आहे. स्वच्छ पाण्याचे थेंब बहुधा एसीचे असतात. हिरवे वा तांबूस, चिकट पाणी रेडिएटरचे. पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नये व विडी-काडी दूर ठेवावी. एवढे सांगता आले की मिस्त्रीचे निम्मे काम होते, आणि आपला खर्चही वाचतो.

आम्ही त्या दिवशी झाडाखाली तासाहून अधिक वेळ बसलो. गाडी निवल्यावर पाहिले, तो टाकीतील पाणी खुणेच्या बरेच खाली होते. जवळचे पाणी घालून, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवीत सावकाश घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टोपण हाती घेऊन दाखविले: आतील रबराची चकती कडक होऊन चिरली होती. नवे टोपण बसले आणि गुडगुड थांबली. तशीच गाडी दामटली असती, तर इंजिनाचे हेड वाकून मोठ्या खर्चात पडलो असतो, आणि काकांना पुढच्या तपासणीस न्यायला गाडी उरली नसती.