पट्टे पोटाला असू द्या, बाईला खाटेला खिळवू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

आमच्या मार्कंड्यात एखादीचे दिवस उलटून गेले, बीपी वाढलं किंवा कळांआधीच पाणी गेलं, की चामोर्शीमार्गे मोठ्या दवाखान्याची वाट धरावी लागते. तिथे कळा आणायला गोळी किंवा ऑक्सिटोसिनचं सलाईन सुरू होतं, पोटाला मॉनिटरचे दोन पट्टे बसतात आणि बजावलं जातं: आता खाटेवरून उठायचं नाही.

मॉनिटरबद्दल माझी तक्रार नाही. औषधाने आणलेल्या कळा कधी कधी फार जवळजवळ येतात. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त झाल्या, तर बाळाला ऑक्सिजन कमी पडू शकतो. तेव्हा ठोक्यांवर सतत लक्ष हवंच. पण त्यासाठी उताणं कशाला झोपवायचं? तसं झोपलं की गर्भाशयाचा भार कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्तपुरवठा घटतो, आणि ज्या ठोक्यांची काळजी तेच मंदावू शकतात.

आमच्या सुनेच्या वेळी एका दवाखान्यात पाहिलं. ती कुशीवर वळली की खालचा पट्टा सरके, कागदावरची रेघ तुटे, यंत्र ओरडे. सिस्टर धावत येई, "हलू नको ना बाई" म्हणे. पट्ट्याची चकती दोन बोटं सरकवली की ठोके पुन्हा सापडत. पण इतर खाटाही तिलाच बघायच्या होत्या. दर वेळी चकती सरकवायला हात कुठून आणणार? रेघ सलग राहावी म्हणून मग बाईलाच खिळवायचं.

2013च्या कोक्रेन आढाव्यात 25 अभ्यासांतल्या 5,218 बायकांची माहिती तपासली. उभं राहिल्याने, चालल्याने कळांचा पहिला टप्पा सरासरी 1 तास 22 मिनिटांनी कमी झाला. यात औषधाने कळा आणलेल्याच बायका होत्या असं नाही. पण पट्टे लावूनही खाटेशेजारी उभं राहता येतं, खुर्चीत पुढे वाकून बसता येतं, डुलता येतं. तेवढी वायर पुरते.

मनुष्यबळाचं म्हणाल, तर आदिवासी भागातल्या माहेरघरात गरोदर बाईसोबत नातलगाच्या राहण्याची सोय शासनानेच केली. 2017च्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीवेळी सोबतीण आणि सोयीची स्थिती या दोन्ही गोष्टी आहेत. तरी सोबत आलेली आई किंवा सासू लेबर रूमच्या दाराबाहेर बसते. तिला आत घ्या. हात धरून उठवायला, बसवायला ती पुरेशी आहे; पट्टा सरकला तर सिस्टरला हाकही मारेल.

रक्तस्राव होत असेल, ठोके बिघडले असतील किंवा पाणी गेलं आणि डोकं अजून वर असेल, तर डॉक्टर सांगतील तसं झोपावंच लागेल. मात्र ते कारण केसपेपरवर लिहिलेलं असावं. बाकीच्यांना पट्ट्यांसकट उठू-बसू द्यावं, खाटेजवळ एक भक्कम खुर्ची ठेवावी, असं परिपत्रक काढा. वायरलेस मॉनिटर पुढच्या खरेदीत आले तर बरंच. परिपत्रकाला मात्र निविदा लागत नाही.

आपली,
मार्कंड्यातली एक सासू
ता. चामोर्शी, जि. गडचिरोली