अर्ध्या तासाचे शंभर पौंड

ज्या घरांतील मुलेंमुली इंग्लंडांत संसार थाटून आहेत, त्या घरीं केव्हां ना केव्हां एक निरोप येतोच : दुकानापुढें मोटार जरा जास्त वेळ उभी राहिली, आतां शंभर पौंडांचें पत्र आलें आहे, काय करावें? वडील मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें. कोणी म्हणतो, "परक्या मुलखांत सरकाराशीं वांकडें कशाला? भरून टाका." दुसरा म्हणतो, "खासगी कंपनीचें पत्र ना? मग केराच्या टोपलींत टाका." हीं दोन्हीं उत्तरें मीं आमच्याच घरीं ऐकलीं आहेत, आणि त्यांतील खरें किती व खोटें किती हें कळण्यास मला स्वतःलाच त्या भानगडींत सांपडावें लागलें. तेव्हां या महिन्याचीं हीं पानें त्याच हकिकतीस देतों. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें तिकडे आहेत. त्यांस ती अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं.

सन २०२४ च्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां पांच महिन्यांसाठीं कन्येकडे गेलों. लंडनच्या पश्चिमेस एका लहानशा शहरांत तिचें बिऱ्हाड आहे. पोहोंचल्यावर आठवडाभरानें ती आम्हां दोघांस मोटारींतून खरेदीस घेऊन गेली. दुकानांपुढील जागेंत दोन तास फुकट, अधिक थांबल्यास शंभर पौंड, अशी पाटी तेथें होती. ती आम्हीं कोणीच धड वाचली नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें. माझ्या उजव्या गुडघ्याचें दुखणें जुनें आहे. हिंडतां हिंडतां तें असें बळावलें कीं, मी एका बाकावर बसलों तो अर्धा तास उठूंच शकलों नाहीं. मुलगी मधून मधून घड्याळ पाही. "सावकाश उठा, बाबा, कांहीं घाई नाहीं," असें मात्र ती म्हणत राहिली. मला वाटलें, जांवयांच्या जेवणाची वेळ होत आली असेल.

डिसेंबर संपत आला असतां सौ. ला रव्याच्या डब्यामागें पत्रांची एक जुडी सांपडली. चार पाकिटें, चारही जांवयांच्या नांवचीं, आणि चारही फोडलेलीं. पहिल्यांत आमच्या गाडीचीं दोन छायाचित्रें होतीं, एक येतांनाचें व एक जातांनाचें, आणि खालीं वेळ छापलेली : दोन तास एकतीस मिनिटें. मागणी शंभर पौंडांची; चौदा दिवसांत भरल्यास साठ. दुसरें स्मरणपत्र. तिसरें वसुलीचें काम करणाऱ्या दुसऱ्याच एका पेढीचें, व त्यांत शंभराचे एकशें सत्तर झालेले. चौथें वकिलाचें : तीस दिवसांत उत्तर न आल्यास कौंटी कोर्टांत दावा लावूं.

मुलीला विचारलें तेव्हां ती बराच वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, "बाबा, उशीर तुमच्या गुडघ्यामुळें झाला. तुम्हांला हें कळलें असतें, तर पुन्हां माझ्याबरोबर घराबाहेर पडलां नसतां." नवऱ्यास कां सांगितलें नाहीं? तर तो जेवतांना सहज बोलून जाईल म्हणून! शिवाय एका मैत्रिणीनें छातीठोकपणें सांगितलें होतें कीं, असल्या पत्रांस तिकडे कोणी भीक घालीत नाहीं. इकडे जांवई मार्चांत घरासाठीं बँकेकडे कर्ज मागण्याच्या तयारींत होते. त्यांच्या नांवें कोर्टाचा हुकूमनामा झाला असता व तो महिन्याच्या आंत फेडला गेला नसता, तर तो सहा वर्षें नोंदींत राहिला असता, आणि कर्ज देणारा प्रत्येक जण ती नोंद पाहतो. माझ्या मनास कमीपणा वाटूं नये म्हणून मुलगी आपल्या होऊं घातलेल्या घराचा पायाच खणीत होती, आणि तिला त्याची जाणीवही नव्हती.

प्रथम हें पत्र म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे, कारण बहुतेक घोटाळा नांवापासूनच सुरू होतो. इंग्लंडांत रस्त्यावर गाडी भलतीकडे लावली, तर तेथील नगरपालिका जी नोटिस देते तिचें नांव 'पेनल्टी चार्ज नोटिस'. खासगी जागेवरील कंपनी जी देते ती 'पार्किंग चार्ज नोटिस'. आद्याक्षरें तींच तीन : पी. सी. एन. ही समानता निव्वळ योगायोगाची असेल असें मला वाटत नाहीं. पहिला दंड आहे, त्यास कायद्याचा आधार आहे, आणि त्याचें अपील स्वतंत्र न्यायाधिकरणापुढें चालतें. दुसरा मुळीं दंडच नव्हे. पाटी वाचून, निदान वाचण्याची संधि असतांना, तुम्ही त्या जागेंत गाडी नेलीत म्हणजे पाटीवरील अटी पत्करल्या. त्या मोडल्यात म्हणून जागा सांभाळणारी कंपनी पाटीवरील रक्कम मागते. हा दोन पक्षांमधील कराराचा तंटा आहे. पोलिस येत नाहींत, गुन्हा होत नाहीं, आणि परवान्यावरही कांहीं चढत नाहीं. लक्ष्मी रस्त्यावरून आपली दुचाकी उचलून नेली कीं आपण निमूटपणें पैसे मोजून ती सोडवून आणतों. त्या संवयीनें या पत्राकडे पाहणें चुकीचें होय.

मग केराची टोपली सुचविणारी मैत्रीण बरोबर होती काय? एके काळीं ती बरीचशी बरोबर ठरली असती. १ ऑक्टोबर २०१२ पूर्वीं इंग्लंड व वेल्समध्यें खासगी जागेंतील गाडीच्या चाकास लोखंडी कुलूप घालून पैसे उकळण्याचा धंदा जोरांत चाले. स्कॉटलंडांत तो कोर्टानें १९९२ सालींच बेकायदा ठरविला होता. मात्र कुलूप न घालतां नुसतें पत्र पाठविल्यास गाडी त्या वेळीं कोण चालवीत होतें हें कंपनीला शाबीत करावें लागे, आणि गाडीचा नोंदलेला धनी गप्प बसला तर बहुधा तिचा इलाज खुंटे. २०१२ च्या कायद्यानें कुलूप बंद केलें, पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानें कंपन्यांच्या हातीं दुसरें साधन दिलें : चालकाचें नांव कळलें नाहीं तर ती रक्कम नोंदलेल्या धन्याकडे मागतां येते. धन्याचें नांव व पत्ता सरकारी मोटार-नोंदणी कचेरी अडीच पौंड फी घेऊन देते. आमचीं पत्रें मुलीच्या नांवें न येतां जांवयांच्या नांवें कां आलीं, त्याचा उलगडा असा झाला.

राहिलेली शंका सर्वोच्च न्यायालयानें मिटविली. चेम्सफर्ड शहरांतील एका दुकानांच्या आवारांत श्री. बॅरी बीव्हिस या गृहस्थांनीं १५ एप्रिल २०१३ रोजीं गाडी ठेविली. तेथेंही दोन तास फुकट होते; हे ५६ मिनिटें अधिक थांबले. पार्किंगआय या कंपनीनें ८५ पौंड मागितले, लौकर दिल्यास ५०. गृहस्थ हट्टानें लढले. त्यांचें म्हणणें साधें होतें : फुकटच्या जागेंत तासभर जास्त थांबल्यानें कंपनीचें ८५ पौंडांचें नुकसान कसें झालें? सुनावणींत एक मौजेची गोष्ट बाहेर आली कीं, कंपनीस जागेचा मालक कांहीं देत नव्हता. उलट कंपनीच मालकास आठवड्यास १,००० पौंड देत होती. म्हणजे लोकांच्या उशिरावरच तिचा सारा चरितार्थ! असें असूनही ४ नोव्हेंबर २०१५ रोजीं सातांपैकीं सहा न्यायमूर्तींनीं निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. गिऱ्हाइकें येत-जात राहावीं, एकानेंच दिवसभर जागा अडवूं नये, हा हेतु रास्त आहे. पाट्या ठळक होत्या. रक्कमही अवाच्या सवा नाहीं, असें त्यांचें मत पडलें. मला स्वतःला एकट्या पडलेल्या सातव्या न्यायमूर्तींचें मत अधिक पटतें. पण कोर्टांत माझ्या पसंतीस किंमत किती?

तेव्हां पत्र फाडून टाकणें हा मूर्खपणा, आणि न वाचतां भरून टाकणें ही दुसऱ्या जातीची चूक. कारण या पत्रांत पुष्कळदां खोट असते. काचेवर चिठी न लावतां छायाचित्रावरून धन्यास पत्र पाठविलें असेल, तर तें घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आंत पोहोंचलें पाहिजे. न पोहोंचल्यास धन्याची जबाबदारी राहत नाहीं. छायाचित्रांतील वेळ दरवाज्यापासून दरवाज्यापर्यंतची असते, त्यांत जागा शोधीत फिरण्याचीं मिनिटेंही धरलेलीं असतात. वेळ संपल्यावर दहा मिनिटांची सवड द्यावी असा या धंद्यांतील संघांचा स्वतःचाच नियम आहे. सकाळीं एकदां व सायंकाळीं एकदां अशा दोन फेऱ्या यंत्रानें एकच लांब मुक्काम म्हणून मोजल्याचींही उदाहरणें आहेत. यांपैकीं कांहीं आढळल्यास कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी. त्यास २८ दिवसांची मुदत असते. कंपनीनें नाकारली तर ती ज्या संघाची सभासद असेल त्याच्या अपील-मंडळाकडे जातां येतें. त्यांतील 'पॉप्ला' नांवाच्या मंडळाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. हा फायदा थोडा नव्हे. आणि सर्वांत सोपा उपाय लोक विसरतात : खरेदीची पावती घेऊन थेट त्या दुकानाच्या व्यवस्थापकास भेटावें. गिऱ्हाईक दुखावणें दुकानदाराला परवडत नाहीं.

वसुलीच्या पेढीचें पत्र मात्र दिसतें तितकें भयंकर नसतें. त्या पेढीस तुमच्या दारांत पाऊल टाकण्याचा अधिकार नाहीं. बेलिफ येतो तो कोर्टाचा हुकूमनामा होऊन पैसे न भरल्यावर. खरें भ्यावयाचें तें कोर्टाच्या कागदास. तो पोहोंचल्यावर चौदा दिवसांत उत्तर न दिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, मग तुमची बाजू कितीही बळकट असो.

आमची बाजू बळकट नव्हती. जांवयांस त्या रात्रीं सर्व सांगितलें. मला वाटलें होतें, चिडतील. ते पत्रांवरच्या तारखा जुळवीत बसले. पहिलें पत्र नवव्या दिवशीं आलें होतें, म्हणजे वेळेंत. दहा मिनिटांची सवड वजा केली तरी एकवीस उरत होतीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघेही त्या जागीं गेलों, तर पाटी चांगली पुरुषभर उंचीवर, दिवा लावलेली! मुलगी पावती घेऊन दुकानांत गेली. व्यवस्थापक भला गृहस्थ होता. तो म्हणाला, "पहिल्या पंधरवड्यांत आलां असतां तर एका निरोपांत रद्द करविलें असतें. आतां प्रकरण माझ्या हातांतून गेलें." माझ्या गुडघ्याचें कारण आरंभींच कळविलें असतें तर त्याचाही विचार होता, कारण चालण्यास दीर्घकाळ अडचण असलेल्या माणसास वाजवी सवलत द्यावी, असें तेथील २०१० चा समानतेचा कायदा सांगतो. साडेतीन महिन्यांनंतर सांगितलेला गुडघा मात्र कोणासही सबबीसारखाच वाटणार.

जांवयांनीं वकिलाच्या पत्रास मुदतींत उत्तर लिहिलें. शंभर पौंड मान्य. वरचे सत्तर कशाचे, त्याचा हिशेब द्यावा. सोबत पावतीची व माझ्या डॉक्टरांच्या जुन्या चिठीची नक्कल. तीन आठवड्यांनीं सत्तर सोडल्याचें पत्र आलें. आम्हीं शंभर भरले. मी अजून झगडावयास तयार होतों, जांवई म्हणाले, "बाबा, कर्जाचा अर्ज जाईपर्यंत मला माझ्या नांवावर एकही कोर्टाचा कागद नको." त्यांचें खरें होतें. पहिल्या पंधरवड्यांतील साठ आणि हे शंभर, यांतील चाळीस पौंड तेवढे रव्याच्या डब्यामागें गेले.

ती रक्कम माझ्या पेन्शनींतून देण्याचा माझा आग्रह कोणीं चालूं दिला नाहीं. परत निघतांना मीं ती जांवयांच्या टेबलावर पाकिटांत ठेविली. पुण्यास येऊन पेटी उघडली तों पाकीट माझ्याच धोतरांच्या घडींत! पाकिटांत त्या दिवसाची पावतीही होती. खरेदी अकरा पौंड चाळीस पेन्सांची, आणि त्यांत सर्वांत महाग वस्तु गुडघ्यास बांधावयाचा पट्टा.