सहीचा विमा

सही म्हटलं की आपल्याला आठवते ती सबमिशनच्या आदल्या दिवशी सरांच्या मागे फिरून जर्नलवर मिळवलेली सही! पण उद्या आपण सिव्हिलवाले ज्या कागदांवर सह्या करू, त्यांच्या भरवशावर माणसं रात्री झोपणार आहेत. याचा विचार कधी केलाय?

मुंबईत ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. गेल्या सुट्टीत एका सरांबरोबर मी अशाच ऑडिटला गेलो होतो. रिबाउंड हॅमर मारला, तडे मोजले, गच्ची पाहिली. तीन फ्लॅटना मात्र कुलूप. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, सगळे फ्लॅट सारखेच. टाका ना करून सही!" सरांनी रिपोर्टात स्वच्छ लिहिलं, 'हे तीन फ्लॅट पाहिलेले नाहीत.'

परतताना मी विचारलं, "सर, एवढं करूनही चूक झाली तर?"

"म्हणून तर प्रोफेशनल इन्डेम्निटीची पॉलिसी घेतलीय," सर म्हणाले.

हा विमा इमारतीचा नसतो. आपल्या कामातल्या चुकीने कुणाचं नुकसान झालं आणि त्याने दावा लावला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. गंमत म्हणजे, काम केलं त्या वर्षी पॉलिसी असून सहसा भागत नाही. दावा येईल तेव्हाही ती चालू लागते. मध्येच हप्ते सोडले की जुन्या सगळ्या सह्या उघड्यावर!

काही जण म्हणतील, विमा असला की इंजिनिअर बेफिकीर होईल. मला नाही पटत. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडून ७ जण गेले. आधीच्या ऑडिटमध्ये तो वापरण्यायोग्य ठरला होता. ऑडिटरला अटक झाली. तुरुंगवास कुठलीच पॉलिसी भोगत नाही, आणि जाणूनबुजून दिलेल्या खोट्या दाखल्याला तर ती हातही लावत नाही.

मग विमा कशाला? ज्यांचं घर गेलं, त्यांना भरपाई मिळावी म्हणून. नवख्या इंजिनिअरच्या खिशात ती कुठून येणार? म्हणून सोसायट्यांनी सर्वांत स्वस्त कोटेशन शोधण्याआधी पॉलिसीची प्रत मागावी. आपणही फी सांगताना हप्ता त्यात धरावा, लाजू नये. आणि शेवटच्या वर्षाला यावर एक तरी लेक्चर व्हावं, ही सरांना विनंती.

तोवर एवढंच, कुलूपबंद फ्लॅट 'पाहिला' म्हणून लिहू नका!