खेळ बिघडला, म्हणून कारागीर खोटा ठरत नाही

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या स्वतंत्र धोरणाला मंजुरी दिली. ३,२६८ कोटी रुपयांचा हा आराखडा २०५० सालापर्यंतचा आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ई-स्पोर्ट्स आणि निखळ मनोरंजनाचे खेळ मात्र त्यातून वगळले. जुगार आणि खेळ यांच्यात सरकारनेच रेषा ओढल्यामुळे संगणकीय खेळांची निर्मिती हा प्रतिष्ठेचा उद्योग ठरू पाहत आहे. परंतु धोरणाने उद्योग सुरू होतो, टिकतो तो ग्राहकाच्या बळावर. पहिल्याच दिवशी अडखळणाऱ्या खेळाकडे हा ग्राहक कोणत्या नजरेने पाहणार, याचा विचार त्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटेल. गळकी घागर विकणाऱ्याच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक पुन्हा चढत नाही. मग पूर्ण किंमत घेऊन अर्धवट खेळ विकणाऱ्या कंपनीची बाजू कशासाठी घ्यायची? आक्षेप बिनतोड दिसतो. तथापि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण तपासले, तर त्याची दुसरी बाजूही लक्षात येते.

इंग्रज आलेच नाहीत!

मार्च २००९ मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा डावपेचांचा खेळ बाजारात आला. इंग्लंडमधील हॉर्शम येथील क्रिएटिव्ह असेम्ब्ली या कंपनीने तो तयार केला आणि सेगाने तो प्रसिद्ध केला. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान या तीन रंगभूमींवर अठराव्या शतकाचा पट त्यात मांडलेला होता. त्या मालिकेत प्रथमच समुद्रावरील लढाया खेळाडूला प्रत्यक्ष लढता येणार होत्या. मराठी खेळाडूंना त्याहून मोठे अप्रूप वेगळेच होते. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या पंक्तीत मराठा राज्यसंघही होता आणि खेळाडूला त्याची सूत्रे हाती घेता येत होती. राजाराम महाराजांच्या निधनाचे आणि ताराबाईंच्या हाती कारभार गेल्याचे १७०० हे साल, समोर औरंगजेबाचे मोगल साम्राज्य आणि पुढे शंभर वर्षांचा डाव. परदेशी निर्मात्याने मराठ्यांना इतक्या बरोबरीने पटावर बसवल्याची उदाहरणे त्यापूर्वी फारशी नव्हती.

समीक्षकांनी खेळाची मुक्तकंठाने स्तुती केली. घरोघरच्या संगणकांवर मात्र तो मध्येच बंद पडू लागला. त्याहून गंभीर दोष काही आठवड्यांत उघड झाला. संगणकाच्या ताब्यातील सत्ता आपले सैन्य जहाजांवर चढवून दुसऱ्या किनाऱ्यावर उतरवूच शकत नव्हत्या. साम्राज्यांच्या सागरी स्पर्धेवर उभ्या असलेल्या खेळात ब्रिटनचे सैन्य आपल्या बेटाबाहेर पडेना. मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला इंग्रजांची धास्ती बाळगण्याचे कारणच उरले नाही.

या दोषाचे मर्म नागपूर-भंडारा भागातील वाचकाला अधिक जाणवावे. १७०० च्या सुमारास वैनगंगेचे हे खोरे देवगडच्या गोंड राज्याच्या प्रभावाखाली होते. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे आले. रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ मध्ये भयाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. पण १८१७ मध्ये सीताबर्डीवर भोसल्यांचा पराभव झाला आणि १८५३ नंतर हे राज्य खालसा झाले. समुद्रापलीकडून आलेल्या सत्तेनेच या प्रदेशाचे भवितव्य ठरवले. ती सत्ता समुद्र ओलांडत नसेल, तर अठराव्या शतकाचा गाभाच हरवतो. दोष किरकोळ नव्हता, हे बचाव करणाऱ्यानेही आधी मान्य केले पाहिजे.

दुरुस्तीची कसोटी

तरीही ‘फसवणूक’ हा शब्द येथे घाईचा ठरतो. घागर गळते की नाही, हे पाणी भरून पाहता येते. डावपेचांच्या खेळात अशी एकच परीक्षा नसते. समुद्रमार्गे स्वारी करायची, तर संगणकाला फौज निवडावी लागते, गलबते बंदरात आणावी लागतात, वाटेतील शत्रूचा अंदाज घ्यावा लागतो आणि मागे राजधानी उघडी पडणार नाही, हेही पाहावे लागते. तहनामे, व्यापार, खजिना, प्रजेचा असंतोष असे प्रत्येक खेळीला बदलणारे घटक या निर्णयाशी जोडलेले असतात. लक्षावधी खेळाडू ज्या वाटा चोखाळतात, त्या सगळ्या आधी चालून पाहणे कोणत्याही चाचणी पथकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. महत्त्वाकांक्षा जितकी मोठी, तितक्या फटी अधिक.

म्हणून निर्मात्याची खरी कसोटी प्रसिद्धीनंतर सुरू होते. ‘एम्पायर’साठी २००९ च्या वर्षभरात एकामागून एक दुरुस्त्या आल्या आणि त्यांतूनच संगणकाला समुद्र ओलांडण्याची बुद्धी मिळाली. त्याच वर्षी कंपनीचे माइक सिम्पसन यांनी खेळातील उणिवा जाहीरपणे मान्य केल्या. निक थोमाडिस या खेळाडूने ‘डार्थमॉड’ ही स्वतःची सुधारित रचना चाहत्यांना दिली आणि पुढे तो स्वतःच खेळांचा निर्माता झाला. २०१३ मध्ये याच कंपनीचा ‘रोम २’ तितक्याच वाईट अवस्थेत बाजारात आला. कंपनीने माफी मागितली, दुरुस्त्यांची मालिका चालवली आणि वर्षभराने सुधारलेली ‘एम्परर’ आवृत्ती जुन्या ग्राहकांना मोफत दिली. ‘एम्पायर’ तर २०२४ मध्ये मोबाइलवरही पोहोचला. पहिल्या महिन्याच्या संतापावरच त्याचा निकाल लागला असता, तर पंधरा वर्षांनी कोणी त्याची आठवण काढली नसती.

तीच चूक चार वर्षांनी पुन्हा घडावी, ही गोष्ट मात्र समर्थनीय नाही. जाहीर केलेली तारीख आणि विक्रीचा हंगाम यांच्या दडपणाखाली अपुरा खेळ बाहेर काढण्याची किंमत ग्राहकाने का मोजावी, हा प्रश्न उरतोच. त्यावरचा उपाय व्यवहारी आहे. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांत परत करून पैसे मागण्याची सोय ‘स्टीम’ने २०१५ पासून दिली आहे. ग्राहकाने हा हक्क जरूर वापरावा, दोषांची नेमकी नोंद करावी आणि कठोर परीक्षणही लिहावे. निर्माता दुरुस्तीला बसला असताना त्याला चोर ठरवणे, ही वेगळी गोष्ट झाली.

संयमाचे माप

भंडारेकरांना अपुऱ्या कामांचा अनुभव नवा नाही. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ ३७२ कोटींचा खर्चाचा अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला आणि कालव्यांच्या निकृष्ट कामांच्या चौकशाही झाल्या. तेथे समाज दशके थांबतो. मात्र खेळ बनवणाऱ्याला आठवडाभराचीही मुदत द्यायला तयार नसतो. धरण आणि करमणूक यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण संयमाची मापे इतकी उलटी असावीत, हे विचार करण्याजोगे आहे.

हा प्रश्न आता आपल्या अंगणात आला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा साहसी खेळ. त्यासाठी लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला. तरीही २०२० मध्ये तो पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. निर्माते तेथेच थांबले नाहीत. २०२२ मध्ये हिंदी संवादांसह त्याची सुधारित आवृत्ती आली. सेगासारखी कंपनी पाठीशी असेल, तर वाईट सुरुवात पचवता येते. मूठभर माणसांच्या मराठी चमूला तो आधार नसतो. पहिल्या आठवड्यातील लाट त्याला कायमची बुडवू शकते.

नवे धोरण मुंबई-पुण्यापुरते न राहता भंडाऱ्यातील संगणक अभियंत्यापर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा आहे. उद्या त्यांपैकी कोणी रघूजींच्या बंगाल स्वारीचा पट संगणकावर मांडील. पहिल्या दिवशी त्यातील घोडदळ कदाचित महानदीपाशीच अडून बसेल. त्या वेळी दोष दाखवणारा आणि दुरुस्त झालेला खेळ पुन्हा उघडून पाहणारा ग्राहक त्याला मिळाला, तरच त्या कोट्यवधींच्या आराखड्याला अर्थ राहील.